पिल्लाला पट्टा घेतला, पण लस?

"डॉक्टर, पोराने कुत्र्याचे पिल्लू आणले आहे, त्याला काय काय घ्यावे?" हा प्रश्न वर्षातून दोनदा हमखास माझ्या कानावर येतो. एकदा उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की, आणि दुसऱ्यांदा दसऱ्याच्या आसपास, उसाच्या टोळ्या निघायच्या आधी. मी माणसांचा डॉक्टर, जनावरांचा नव्हे. तरी हा प्रश्न माझ्याकडे येतो याचे मला नवल वाटत नाही. पिल्लाची हेळसांड झाली की तिची बाकी शेवटी माझ्याच टेबलावर वसूल होते. हाताला फडके गुंडाळलेले, जखमेत हळद नाही तर तिखट भरलेले पोर घेऊन आई समोर उभी राहते आणि म्हणते, "घरचंच पिल्लू हाय, जरासं दात लागलेत." तेव्हा आरोग्याच्या सदरात कुत्र्याचे पुराण कशाला, असे कोणी म्हणू नये.

नेकनूरच्या आठवडी बाजारात जनावरांच्या साजाला तोटा नाही. कासरे, दावी, म्होरक्या, वेसणी, गोंडे, घुंगरमाळा, सगळे मिळते. पिल्लू घेतलेला माणूसही याच ओळीतून फिरतो आणि एक लाल पट्टा, एक साखळी, हौस असेल तर एक घुंगरू घेऊन घरी जातो. ज्यांचे बीडला किंवा छत्रपती संभाजीनगरला जाणे-येणे आहे, ते तिथल्या दुकानातून शाम्पू, डब्यातले खाणे, मऊ गादी आणि पावसाळी अंगरखासुद्धा आणतात. हौसेला मोल नसते हे खरे. पण माझे म्हणणे एवढेच की आपण खरेदीची यादी उलट्या बाजूने वाचतो. जे सर्वांत शेवटी घ्यायचे ते आधी घेतो, आणि जे सर्वांत आधी घ्यायचे ते घेतच नाही. पिल्लासाठी पहिली वस्तू बाजारात मिळत नाही, ती पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते. ती म्हणजे पिल्लाचे वय आणि लशींच्या तारखा लिहिलेले कार्ड.

पिसाळण्याचा रोग, म्हणजे रेबीज, एकदा अंगात उमटला की त्यावर आजही उपाय नाही. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा लस टोचली, त्याला आता १४० वर्षे होऊन गेली. लस आहे, ती चांगली आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे, आणि तरीही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या पाहणीच्या अंदाजानुसार आपल्या देशात दरवर्षी ५,७०० च्या वर माणसे या रोगाने दगावतात. कुत्रे चावलेल्यांना वाचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग कुत्र्यालाच लस टोचणे हा आहे. पिल्लू ३ महिन्यांचे झाले की पहिली टोचणी, नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा पुढची, आणि मग दरवर्षी एक. टोचल्याबरोबर अंगात ताकद येत नाही, तिला साधारण तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे गाडी निघायच्या आदल्या दिवशी टोचून घेतले आणि निर्धास्त झालो, असे होत नाही.

"एवढेसे पिल्लू, ते कसले पिसाळते?" असे मला बऱ्याचदा ऐकवले जाते. पिल्लूही पिसाळते. गल्लीत पिसाळलेल्या कुत्र्याने पिल्लाला बोचकारले तर ते कोणाला सांगत नाही, आणि पोरे तर त्याला दिवसभर कडेवर घेऊन हिंडत असतात. मोठ्या कुत्र्यापासून माणूस चार हात लांब राहतो, पिल्लाचे तोंड मात्र गालाला लावतो.

रेबीजखेरीज दुसरा शत्रू पार्वोचा. हा रोग जगात १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रथम दिसला, त्यामुळे आपल्या आजोबांच्या कुत्र्यांना तो ठाऊक नव्हता, आणि "आमच्या वेळी कुठे होत्या लशी" या बोलण्याला अर्थ उरत नाही. पिल्लाला उलट्या, घाण वासाचे रक्ताचे जुलाब, अन्नपाणी बंद, आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. माणसाला हा रोग होत नाही, पण ज्या अंगणात असे पिल्लू मेले तिथल्या मातीत विषाणू कित्येक महिने टिकतो. त्याच जागी दुसरे पिल्लू आणून बांधले की तेही जाते, आणि मग घराला नजर लागली असे ठरते. नजर वगैरे काही नसते. फरशी, भांडे, साखळी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवावी, आणि नवे पिल्लू काही महिने तरी तिथे आणू नये. या रोगाची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण चार महिन्यांचे होईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते. डॉक्टर उगाच खेपा घालायला लावतात असे समजू नका. आईच्या चिकातून मिळालेली ताकद अंगात असेपर्यंत लस नीट लागत नाही, आणि ती ताकद नेमकी कधी ओसरते हे वरून कळत नाही, म्हणून हे सारे.

जंताच्या औषधाकडे मात्र मी माणसांचा डॉक्टर म्हणून बोट दाखवतो. पिल्लाच्या पोटात जंत बहुधा आईकडूनच येतात. त्यांची अंडी विष्ठेतून अंगणात पडतात, मातीत मुरतात, आणि रांगते पोर माती खाते. क्वचित ते जंत पोराच्या काळजात, डोळ्यातही जाऊन बसतात. पिल्लाला दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी आणि तीन महिन्यांनंतर दर महिन्याला जंताचे औषध वजन करून द्यावे लागते. रंगीत पट्ट्यापेक्षा ते स्वस्त पडते. आणि एक खुरपे किंवा जुना पत्रा घेऊन विष्ठा रोज उचलून खड्ड्यात पुरावी. ही वस्तू तर घरातच असते.

आता पट्ट्याकडे येतो. पिल्लू म्हणजे वाढते अंग. दोन महिन्यांचे पिल्लू सहा महिन्यांत बरीचशी उंची गाठते, मान दुपटीने भरते, पट्टा मात्र तेवढाच राहतो. घरातले रोज पाहत असतात म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. नायलॉनची दोरी असेल तर आणखी वाईट, ती कातडीत रुतते, वर केस येतात, आतून जखम चिघळते, माशा बसतात आणि अळ्या पडतात. वास सुटल्यावर कळते. तेव्हा पट्टा घेताना भोके जास्त असलेला, रुंद, मऊ सुती किंवा चामड्याचा घ्यावा. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे सहज गेली पाहिजेत. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी बोटे घालून बघायची अशी सवय लावून घ्यावी, म्हणजे वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. धनगरांच्या मोठ्या कुत्र्यांच्या गळ्यात लांडग्यापासून, बिबट्यापासून जपण्यासाठी लोखंडी काट्यांचा पट्टा असतो. तो पाहून काही हौशी मंडळी पिल्लालाही तसाच घालतात. मेंढरामागे रानात राहणाऱ्या कुत्र्याचे ते हत्यार आहे, चार महिन्यांच्या पिल्लाच्या मानेवर ते निव्वळ ओझे. घुंगराचेही तेच, बैल चालताना छान वाजते म्हणून ते पिल्लाच्या कानाखाली रात्रंदिवस वाजवू नये.

साखळीबद्दल कायदाच बोलतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने जनावर फार वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा मानतो. सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे हाही गुन्ह्यातच धरला आहे. कायदा राहू द्या बाजूला. दिवसभर बांधलेले पिल्लू मोठे झाले की चावरे होते, हे कोणत्याही गल्लीत बघायला मिळेल.

याच ओघात पिल्लाच्या वयाविषयी. बाजारात, शेजारी, रस्त्याच्या कडेला डोळे नुकतेच उघडलेली पिल्ले उचलून आणण्याची आपल्याकडे रीत आहे. २०१७ च्या नियमांनी आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायला बंदी केली आहे, आणि ती योग्यच आहे. तोपर्यंत आईचे दूध आणि भावंडांबरोबरची मस्ती ही दोन्ही त्याला लागतात. दात किती जोरात लावायचा हे पिल्लू भावंडांकडून शिकते, आणि तो धडा चुकला की पुढे आपल्या पोरांच्या पोटऱ्यांवर तो गिरवला जातो. आपल्या जिल्ह्यातली माजलगाव तालुक्यातल्या लवूळची गोष्ट आठवत असेल. २०२१ च्या अखेरीस माकडे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर, घरांवर नेत होती, आणि डिसेंबरात वन विभागाने दोन माकडे पकडून नेली. तेव्हा मेलेल्या पिल्लांचा आकडा २५० पर्यंत फुगला आणि माकडांच्या सूडाच्या कथा परदेशापर्यंत छापल्या गेल्या. सूडाचे ज्याने त्याने ठरवावे. मला त्यातली एकच साधी बाब लक्षात घ्यावीशी वाटते. आईपासून तुटलेले तान्हे पिल्लू दूधपाण्यावाचून फार काळ तग धरत नाही, मग त्याला माकडाने उचललेले असो की माणसाने.

आता प्रवास. नेकनूर, केज, पाटोदा, वडवणी, धारूर या भागातला प्रवास म्हणजे लग्नाला किंवा तीर्थाला जाणे एवढेच नव्हे. दसरा झाला की कोयते निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरला जातो. चूल, पाण्याची टाकी, ज्वारीचे पोते, शेरडू, कोंबड्यांचे डालगे, लेकरे, आणि या सगळ्याच्या वर कुठे तरी कुत्र्याचे पिल्लू. पश्चिम महाराष्ट्र नाही तर कर्नाटक, आणि तिथे पाच-सहा महिने. आईबाप अंधारात फडावर जातात आणि कोपीजवळ राहतात लहान लेकरे आणि हे पिल्लू. शहरात पाळीव कुत्र्याच्या प्रवासाच्या सामानाविषयी मोठमोठ्या पेट्या दाखवतात. माझ्या मते महाराष्ट्रात कुत्र्याच्या पिल्लाबरोबर सर्वांत लांबचा आणि सर्वांत गरजेचा प्रवास जर कोणी करत असेल तर तो आपला ऊसतोड कामगार करतो, आणि त्याच्यासाठी कोणी दोन ओळी लिहीत नाही.

त्याने काय घ्यावे? कोंबड्यांचे डालगे असते तसेच एक जास्तीचे डालगे किंवा झाकणाची बांबूची पाटी घ्यावी. हवा चारी बाजूंनी खेळते, पिल्लाला उभे राहून वळता येते, खाली पोत्याचा तुकडा आणि जुनी वर्तमानपत्रे अंथरली की झाले. आज घेताना पिल्लाच्या मापाची न घेता चार महिन्यांनंतरच्या मापाची घ्यावी, कारण परतीचाही प्रवास आहे. तोंड बांधलेल्या पोत्यात किंवा प्लास्टिकच्या गोणीत पिल्लू घालू नये, उन्हात ते घुसमटून मरते. आणि गळ्याच्या पट्ट्याला दोरी बांधून ती ट्रॉलीच्या फाळक्याला अडकवू नये. खड्ड्यात गाडी उसळली, पिल्लू घाबरून बाहेर उडी मारायला गेले, की फास लागतो. पाटी नसेल तर सुती दोरीचा किंवा जुन्या नवारीचा छातीवरून आणि पोटाखालून जाणारा पट्टा करावा. ज्याला बैलाचे जू बांधता येते त्याला हे सहज जमते. दोरी इतकीच ठेवावी की पिल्लाला बसता-उठता यावे, पण फाळक्यावरून पलीकडे जाता येऊ नये.

निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला घालू नये, म्हणजे वांत्या होत नाहीत. पाणी मात्र बंद करू नये. दर दोन तासांनी गाडी थांबेल तेव्हा खाली उतरवून पाणी पाजावे, पण दोरी हातातून सोडू नये, अनोळखी धाब्यावर सुटलेले पिल्लू परत मिळत नाही. मोटारसायकलवर टाकीवर पुढे बसवून नेणे तर साफ बंद करावे, एक उडी आणि चालवणाऱ्यासकट सगळे रस्त्यावर. पिल्लासाठी केलेली पाटीच मागच्या सीटला घट्ट आवळावी, नाही तर मागे बसणाऱ्याने ती मांडीवर घ्यावी. मोटारीची डिकी ही सामानासाठी असते हेही एकदा सांगून टाकतो. एसटीने जायचे असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी आगारात नियम विचारून घ्यावा. ऐन वेळी वाहकाशी हुज्जत घालून पिल्लू पिशवीत लपवणे त्याच्या जिवावर येते.

फडावर पोचल्यावर एक गोष्ट जुन्नर-संगमनेरकडे जाणाऱ्यांनी विशेष ध्यानात धरावी. उसात बिबट्या असतो आणि कुत्रे हे त्याचे ठरलेले खाद्य आहे. कोपीबाहेर आखूड साखळीने बांधलेले पिल्लू राखण करत नाही, ते आमिष ठरते, आणि बिबट्या येतो तो लेकरे झोपतात त्या जागेपर्यंत. अंधार पडला की पिल्लू आत, त्याच पाटीत, वर वजन ठेवून.

खाण्याची फार चिंता नको. नुसती दूधभाकरी मात्र पुरत नाही. म्हशीच्या दुधाने पिल्लांना जुलाब लागतात, आणि भाकरीत वाढत्या हाडांना लागणारे सगळे मिळत नाही. जमेल तसे उकडलेले अंडे, डाळ, मटणाचे मऊ तुकडे द्यावेत. शिजवलेली कोंबडीची हाडे देऊ नयेत, ती फुटून टोकदार होतात. पाण्याला मातीचे पसरट परळ बरे, ते गार राहते आणि सहज लवंडत नाही.

गोचिडांवरून मात्र मला रागच येतो. बैलावर फवारायचे गोचीडनाशक जसेच्या तसे पिल्लाला चोळणारे लोक आहेत. पिल्लू ते चाटते, थरथरते, तोंडाला फेस येतो, आणि मग "पिसाळलं, पिसाळलं" म्हणून त्याला दगडाने मारतात. गोचिडासाठी पिल्लाच्या वयाचे आणि वजनाचे औषध पशुवैद्यकाकडून घ्यावे, आणि लहान असेपर्यंत हाताने वेचून रॉकेलच्या डबीत टाकावेत. माणसाच्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्याही पिल्लाला देऊ नयेत, आपल्याला साधी वाटणारी गोळी त्याच्या काळजावर, मूत्रपिंडावर उलटते.

आता राहिले ते आपल्यासाठीचे सामान, आणि ते पिल्लाच्या पाटीतच ठेवायचे. एक साबणाची वडी. चावले, ओरखडले, फुटलेल्या कातडीवर चाटले, की ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवायचे. १५ मिनिटे ही वाटतात त्यापेक्षा फार मोठी असतात, घड्याळ लावून पाहा. हळद, चुना, तिखट, कात, काही भरायचे नाही आणि पट्टी आवळायची नाही. लगेच सरकारी दवाखाना. पोटातली चौदा इंजेक्शने ही भीती आता काढून टाका, ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंदच झाली. आता दंडावर टोचतात. कातडीत टोचणार असतील तर पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. स्नायूत टोचणार असतील तर चौदाव्या दिवशी आणखी एक. जखम खोल असेल, रक्त आले असेल, किंवा तोंडावर-मानेवर असेल तर जखमेभोवती वेगळे तयार प्रतिद्रव्यही टोचावे लागते. त्यासाठी बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी जायला मागेपुढे पाहू नका. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते ती खरी, पण त्या दहा दिवसांसाठी टोचणी थांबवायची नसते. माणसाचा डोस नेकनूरला सुरू झाला आणि चौथ्या दिवशी टोळी निघाली, असे नेहमी होते. डोस अर्धा सोडू नये. चिठ्ठी बरोबर न्यावी, कारखान्याच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पुढचे डोस मिळतात. तीच गोष्ट पिल्लाच्या कार्डाची. दसऱ्याला ते दोन महिन्यांचे असेल तर त्याची रेबीजची तारीख फडावर येणार. ती कार्डावर ठळक लिहून घ्यावी आणि गेल्या-गेल्या तिथल्या पशुवैद्यकाचा पत्ता काढावा.

एक सूचना करतो, आवडो वा न आवडो. हंगामाआधी बैलांना लाळ्या-खुरकुताची लस टोचून घेण्याची गावोगाव धांदल असते. त्याच दिवशी, त्याच झाडाखाली, कुत्र्यांनाही रेबीजची लस का टोचली जाऊ नये? गोव्यात २०१४ पासून कुत्र्यांना घरोघर आणि रस्तोरस्ती जाऊन लस टोचण्याची मोहीम चालली, आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. गोव्याकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही, असे म्हणणे सोपे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गावातल्या दहापैकी सात कुत्र्यांना लस मिळाली तरी हा रोग पसरायचा थांबतो. नेकनूरसारख्या बाजारपेठेच्या गावात बाजाराच्या दिवशी पन्नास खेड्यांची माणसे आणि जनावरे एका ठिकाणी येतात. सप्टेंबरमधल्या एका बाजाराच्या दिवशी पशुवैद्यकीय खात्याने टेबल मांडावे, ग्रामपंचायतीने आदल्या आठवड्यात दवंडी द्यावी, आणि मुकादमांनी उचल देताना कोयत्याला जसे बैलांचे विचारतात तसे कुत्र्याचेही विचारावे. जागतिक रेबीज दिन २८ सप्टेंबरला असतो, म्हणजे टोळ्या निघण्याच्या तोंडावर. लस अंगी लागायला तीन-चार आठवडे लागतात हे ध्यानात घेता टेबल सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात लागले पाहिजे. यंदा ते लागले नाही तर पिल्लू असलेल्यांनी वाट पाहू नये. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात स्वतः जावे, पिल्लू पाटीत घालून न्यावे, म्हणजे पाटीचीही परीक्षा होईल.